चालत माहेरी जाण्याची तालीम

माझ्या बायकोला बोट लागत असे. एस.टी. लागत असे. बैलगाडीत मागे तोंड करून बसली की बैलगाडीही लागत असे. आणि एकदा, खोटं सांगत नाही, आमच्या ओटीवरचा झोपाळासुद्धा तिला लागला होता. झोके मी देत होतो, हेही सांगून टाकतो.

लग्न तिच्या गावी, श्रीवर्धनच्या बाजूला झालं. वऱ्हाड आगबोटीनं परत निघालं आणि रेवदंड्याला पडावातून नवरीला उतरवून घेतलं तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग अंगावरच्या हिरव्या शालूशी अगदी जुळत होता. किहीमला घरी पोचेपर्यंत तिन्हीसांजा झाल्या. आईनं उंबरठ्यावर माप ठेवलं होतं. ते ओलांडायच्या आधी सूनबाई ओटीच्या खांबाला धरून जी वाकली, ती बराच वेळ सरळ झाली नाही. आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अरे, जिवंत आणलीस ना नक्की?"

त्यानंतर तिनं समुद्राकडे पाठच फिरवली. घर किनाऱ्यावर, पण ही कधी किनाऱ्यावर यायची नाही. आणि त्यामुळे माहेरीही गेली नाही. एस.टी. होती, पेण आणि माणगाववरून मोठा वळसा घालून जाणारी. पण अलिबागहून पोयनाडपर्यंत एकदा नेऊन पाहिलं तेवढ्यानं कंडक्टरनंच हात जोडले. बरं, तिच्या आईनं इकडे यावं, तर हा आजार मुळात तिच्या आईकडूनच आलेला. सासूबाई एकट्या, सुपारीची वाडी सांभाळून राहणाऱ्या. मायलेकी दोन टोकांना आणि मध्ये सगळं हलणारं पाणी.

तिकडून कुणी आलं की सासूबाई सुपारीची पुरचुंडी पाठवत. बायको ती उघडायच्या आधी नाकाशी धरायची. मी बघतोय असं दिसलं की म्हणायची, "ओल लागलीय का बघते." सुपारी खडखडीत वाळलेली असायची.

लग्नानंतरच्या दुसऱ्या शिमग्याला ती पुरण वाटता वाटता थांबली आणि पाट्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आज आमच्याकडे पालखी अंगणात आली असेल. आई एकटीच ओवाळत असेल."

मी दारात उभा होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या शिमग्याला तुला नेतो."

"कशी?"

"चालत."

तिनं वर पाहिलं. हा माणूस थट्टा करतो की काय हे तिला अजून नीट ओळखू येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते पाहिल्यावर माघार घ्यायची सोय उरली नाही.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो, त्यामुळे पहिली गोष्ट केली ती म्हणजे नकाशा. किहीमपासून तिच्या गावापर्यंतचा किनारा मोठ्या कागदावर काढला. माड हिरवे, रेती पिवळी, खाड्या निळ्या. निळा फार सुरेख उतरला होता. शाळेत सहकाऱ्यांना दाखवला, सगळ्यांनी वाखाणला. तो मी माजघरात भिंतीवर लावला आणि प्रवासाचं निम्मं काम झालं असं समजून स्वस्थ झोपलो.

उरलेलं निम्मं म्हणजे सामान. महायुद्धानंतर गोऱ्या शिपायांच्या मोडीत निघालेल्या वस्तू मुंबईत रस्त्यावर मिळायच्या. तिथून मी पाठीवर घ्यायची एक खाकी पिशवी आणली. तिला इतके पट्टे होते की कुठला खांद्यावरून आणि कुठला कशाखालून हे कळेना. मी ती घालून अंगणात आलो तेव्हा आई म्हणाली, "बैलाला जुंपताना तरी दोन माणसं लागतात. तू एकटाच कसा काय अडकलास?"

आईचा या सगळ्याला विरोध होता. "मास्तरांनी बायकोला चालवत माहेरी पाठवली, लोक काय म्हणतील? घरात खायला नाही म्हणतील." पण विरोध करता करताच तिनं विचारलं होतं, वाटेत खायचं काय? आईचा विरोध नेहमी तिथपर्यंतच पोचायचा.

पुढे सहा-सात महिने आमच्याकडे रविवार म्हणजे तालीम असा नेम झाला. मी पिशवी भरून पहाटे किनाऱ्यानं निघायचो, थळच्या पुढे जाऊन संध्याकाळी परतायचो. वजनाची सवय व्हावी म्हणून पिशवीत काहीतरी भरायला हवं होतं. दुसऱ्या कुणी धोंडे भरले असते. आम्ही वाडीवाले, आमच्या अंगणात धोंड्यांपेक्षा नारळ जास्त. मी असोले, म्हणजे न सोललेले, नारळ भरले. तर पहिल्याच रविवारी, फटफटायच्या सुमाराला, दुसऱ्याच्या वाडीच्या कडेनं फुगलेली पिशवी घेऊन जाणारा माणूस बघून राखणदारानं हाळी दिली.

"कोन हाय रे? उभा ऱ्हा!"

"मी मास्तर."

"मास्तर? आनि पिशवीत काय हाय?"

"नारळ."

"कोनाचं?"

"माझेच."

"मग घेऊन चाललाव कुठं?"

"कुठं नाही. घरीच परत नेणार."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. स्वतःच्याच वाडीतले नारळ पाठीवर घेऊन समुद्र दाखवून परत आणणारा माणूस चोर नव्हे, दुसरंच काहीतरी असला पाहिजे, असं ठरवून तो बाजूला झाला. "जावा, पन उन्हाचं फिरू नका," एवढं मात्र मायेनं म्हणाला.

खाण्याची तालीम त्याहून वाईट गेली. पहिल्या रविवारी आईनं घावन आणि चटणी दिली. दुपारी फडकं सोडलं तर चटणी फसफसत होती. दुसऱ्या रविवारी पातोळ्या दिल्या. त्यांना तार सुटली. तिसऱ्या रविवारी उसळ. तिचं नाव काढू नका. आम्ही तिघंही डोकं लावून बसलो. आई म्हणाली फडक्याचा दोष, मी म्हणालो उन्हाचा. बायको रिकाम्या डब्यांचा वास घेत होती.

"सगळ्यात ओलं खोबरं आहे," ती म्हणाली.

आई चकित होऊन म्हणाली, "मग? खोबऱ्यावाचून जेवण?"

विश्वास ठेवा, हे आम्हाला तोवर सुचलंच नव्हतं. आमच्याकडे ओलं खोबरं हे जिन्नसात धरतच नाहीत. पाणी, मीठ, खोबरं हे असायचंच. त्याला कोण दोष देणार?

त्यानंतर खाण्याचा कारभार बायकोनं हाती घेतला. भाजणी, मेतकूट, गुळपापडी, सुक्या खोबऱ्याची चटणी. दर रविवारी मी परत आलो की दमलात का वगैरे विचारायच्या आधी ती डबे उघडून बघायची. काय उरलंय, काय नरम पडलंय, कशाला मुंग्या लागल्यात. मेतकूट दोन वेळा तसंच परत आलं तेव्हा म्हणाली, "आवडत नसेल तर सांगा. वाटेत उपाशी राहाल." मी म्हणालो, "आवडतं, पण कोरडं घशात अडकतं." पुढच्या रविवारी डब्यात मेतकूट लिंबाच्या लोणच्याच्या खारात कालवलेलं होतं. दोन वर्षं आम्ही एका घरात राहत होतो, पण मला काय आवडतं आणि कसं आवडतं हे तिनं त्या डब्यांतूनच शिकून घेतलं असं मला वाटतं. तिला काय आवडतं हे शिकायला मला जास्त वेळ लागला.

तीही चालायची तालीम करत होती, पण वाडीत. दुपारी आई आडवी झाली की कडेवर तांदळाची पिशवी घेऊन ही रहाटाभोवती फेऱ्या मारायची. एकदा आईनं खिडकीतून पाहिलं. रात्री मला म्हणाली, "बैल बरा आहे ना रे आपला? सूनबाई त्याच्या वाटणीचं फिरत होती."

तंबूचं तेवढं सांगायचं राहिलं. थळच्या एका तांडेलाकडून मी होडीचं जुनं शीड आणलं, त्याचा तंबू शिवला. त्यात पाणी शिरू नये म्हणून कोळी होडीला लावतात तसं माशाचं तेल चोळलं. चांगलं दोन हात चोळलं. आई म्हणाली, "शिमग्यात पाऊस कुठून येणार?" मी म्हणालो, "दंव पडतं." दंवाचं कौतुक सांगत मी तो किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली ठोकला आणि आत जाऊन पडलो. थोड्या वेळानं बाहेरून कुणीतरी तंबू चाटू लागलं. मग दुसऱ्या बाजूनंही. अंधार पडायच्या आत किहीमची सगळी कुत्री आणि अर्धी मांजरं तंबूभोवती जमली होती, आणि त्यांच्यात वैर म्हणून राहिलं नव्हतं. मी शीड गुंडाळून घराकडे पळालो, मागे ती वरात. बायको ओटीवर होती. लग्न झाल्यापासून ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. खांब धरून हसत होती, तोच खांब.

अशी सगळी तयारी झाली. शिमगा पंधरवड्यावर आला. एका संध्याकाळी ती नकाशासमोर उभी राहिली. रोज केर काढताना ती त्याच्यासमोरून जायची, पण त्या दिवशी तिनं किनाऱ्यावरून बोट फिरवत नेलं. किहीम, अलिबाग, रेवदंडा. तिथं ते थांबलं.

"हे निळं काय?"

"खाडी. बघ किती छान उतरलाय रंग."

"आणि हे?"

"राजपुरीची खाडी. मुरुडच्या पुढे."

"मग इथून पलीकडे कसं जायचं? चालत?"

तुम्ही हसा, पण मी खरोखर तो विचार केला नव्हता. खोबरं जसं जिन्नसात धरलं नाही, तशी खाडी मी पाण्यात धरली नव्हती. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना खाडी म्हणजे रस्त्याचाच तुकडा. तरीत, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीत, बसायचं, विडी ओढायची, उतरायचं. सहा महिने मी पिशवी तपासली, डबे तपासले, तंबू तपासला, आणि जिच्यासाठी हे सगळं, तिला एकदाही होडीत बसवून पाहिलं नव्हतं. खाड्या टाळायच्या तर रोहा-माणगाववरून चालत जायचं. तेवढी रजा शाळा देणार नव्हती.

ती आत गेली, खाकी पिशवी काढली आणि तिच्यातले डबे एकेक करून फडताळात लावू लागली. आवाज न करता. भांडी आपटली असती तर बरं झालं असतं.

मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. "एक तालीम करू. रेवदंड्याला. नुसतं पलीकडे जायचं आणि यायचं. नाही जमलं तर नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी एकटा जाईन आणि सासूबाईंना पाठीवर घालून आणीन. नारळांची सवय झालीच आहे."

ती हसली नाही. पण शेवटचा डबा पिशवीतच ठेवला.

रविवारी चौलच्या देवळात जाऊन येतो असं आईला सांगून निघालो. बायकोनं कमरेला औषधांची फौज बांधली होती : आमसुलं, लिंबू, आल्याचा तुकडा, ओलं फडकं, न भाजलेल्या धण्याची पूड. मी मात्र निर्धास्त होतो. वाटेत गुळपापडीच्या वड्या खाल्ल्या, त्याही भरपूर. या वड्या मागच्या महिन्यापासून तंबूच्या घडीत राहिल्या होत्या आणि त्यांना माशाच्या तेलाचा किंचित वास येत होता. बायको म्हणाली टाकून द्या. मी म्हणालो, तपासायला नको? वाटेत अशी वेळ आली तर?

रेवदंड्याला खाडीची होडी भरत आली होती. सुकटीच्या टोपल्या घेतलेल्या दोन कोळणी, एक शेळी, आम्ही. बायको मध्यावर बसली, दोन्ही हातांनी फळी धरून, ओठ मिटून. मी शेजारी बसलो आणि शिकवू लागलो. "खाली बघू नकोस. लांब बघ. तो कोर्लईचा डोंगर बघ. श्वास मोठा घे."

खाडीच्या तोंडातून वारा आत येत होता आणि ओहोटीचं पाणी त्याला भिडत होतं. होडी वर चढली, खाली बसली. पुन्हा चढली. सुकटीचा वास आला. आणि त्या वासाला माझ्या पोटातल्या गुळपापडीनं आतून ओ दिली.

"लांब बघ," मी म्हणालो. त्यानंतर मला बोलता आलं नाही.

मी तरीच्या काठावर पालथा झालो. पुढचं सविस्तर सांगत नाही. एवढंच कळत होतं की कुणीतरी माझ्या सदऱ्याची कॉलर घट्ट पकडली आहे, कपाळावर ओलं फडकं आहे, तोंडात आमसूल कोंबलं जातंय आणि पाठीवरून हात फिरतोय. तिच्यासाठी घेतलेली सगळी औषधं माझ्यावर खर्च झाली. एक कोळीण दुसरीला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाली, "काय मास्तर, तुमी बायकोला न्हेता का बायको तुमाला?"

पलीकडे चिखलात उतरलो. मी एका खुंटाला धरून उभा राहिलो. बायको माझे बूट हातात घेऊन समोर उभी. तिनं एकदा खाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "मला काहीच झालं नाही."

"बरं झालं," मी कण्हलो.

"नाही, पण मला काहीच झालं नाही!" असं म्हणून ती लहान मुलीसारखी तिथल्या तिथे फिरली. माझे बूट चिखलात पडले.

परतीच्या तरीत माझं पोट रिकामं होतं, त्यामुळे मी ठणठणीत होतो. मध्यावर आलो आणि मला दिसलं, तिचे ओठ पुन्हा मिटलेत. रंग उतरू लागलाय. तिनं माझ्याकडे मोठ्या आशेनं पाहिलं.

"तुम्हाला काही होतंय का हो?"

मी क्षणभर विचार केला. मग पोट धरलं, डोळे फिरवले आणि काठावर आडवा झालो. लगेच कॉलरला हात आला. ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली आणि माझ्या पाठीवरून, तिच्याच नकळत, पाण्याकडे बघत राहिली. किनारा येईपर्यंत तिचा रंग परतला होता.

शिमग्याच्या सुट्टीत आम्ही खरोखर निघालो. आईनं वेशीपर्यंत येऊन पदरानं डोळे पुसले, आणि तिनं लपवलेला ओल्या खोबऱ्याच्या वड्यांचा डबा पिशवीत पहिल्याच मुक्कामाला सापडला. तंबू घरीच ठेवला. आईनं तो सरपणावर टाकला होता आणि गावातली कुत्री तिथं राखणीला बसली होती. मुक्काम आम्ही ओळखीच्यांच्या पडवीत आणि एका शाळेच्या ओसरीवर केले. बायको माझ्यापुढे चालायची. काष्टा मारलेला, पायांत काही नाही, वाळूवर उमटलेली तिची पावलं मागून बघत मी यायचो. दमलो तर सांगायची सोय नव्हती.

रेवदंड्याची खाडी मी पुन्हा पोट धरून पार पाडली. राजपुरीची मात्र मोठी, शिडाची होडी, आणि वारा पडलेला. होडी नुसती डुलत राहिली. मला बराच वेळ आजारी राहावं लागलं. मी जीव ओतून कण्हत होतो. होडीतली माणसं सरकून जागा करून देत होती, एका म्हाताऱ्यानं देवाचं नाव घ्यायला सांगितलं. मला स्वतःचंच वाईट वाटू लागलं. तेवढ्यात बायको फडक्यानं माझं तोंड पुसायच्या निमित्तानं वाकली आणि कानाशी म्हणाली, "इतकं जोरात नको. लोक बघतात."

मी एक डोळा उघडला. तिला सगळं ठाऊक होतं, रेवदंड्यापासूनच असणार. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण ते हसू आवरण्यासाठी. आणि हात थांबला नव्हता. पलीकडचं दिघी येईपर्यंत ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली, आणि मी हळू आवाजात कण्हत राहिलो.

तिच्या गावात शिरलो तेव्हा ढोल वाजत होते. पालखी वरच्या आळीत होती. सासूबाई अंगण सारवून रांगोळी घालत होत्या. लेकीला बघून उठल्या, तर रांगोळी भरलेली मूठ उघडायची राहूनच गेली. तशाच मुठीनं त्यांनी तिला जवळ घेतलं, तिच्या पाठीवर पांढरा पट्टा उठला. मी पिशवीचे पट्टे सोडवण्यात गुंतल्याचं दाखवलं. खरं म्हणजे गुंतलोच होतो.

मग सासूबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून न्याहाळला. "बोट लागली नाही ना गं?"

"लागली ना," बायको म्हणाली. "ह्यांना लागली. दोन्ही खाड्यांना."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी समज आणि इतकी माया होती, जणू आयुष्यभर ज्याला कुणी समजून घेतलं नाही अशा आजाराचा सोबती त्यांना अखेर जावयात सापडला होता. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर बायकोनं पाठीमागून माझी कॉलर धरली.

पालखी अंगणात आली, मायलेकींनी मिळून ओवाळलं. नंतर पंगत बसली. सगळ्यांच्या पानात पुरणपोळ्या, वर तुपाची धार. सासूबाई माझ्यासमोर आल्या आणि मोठ्या काळजीनं त्यांनी मऊ भात वाढला. "आज एवढंच घ्या. पोटाला विश्रांती हवी. मला विचारा."

मी मऊ भाताकडे बघत बसलो. थोड्या वेळानं बायको वाढायला आली. वाकली, माझ्या पानावर पदराचा आडोसा धरून भातावर मेतकूट घातलं आणि पुढच्या पानाकडे गेली. भात जरासा उचललेला दिसत होता. बोटानं चाचपून पाहिलं, तर खाली दुमडलेली पुरणपोळी होती, गरम.